‘थांबा’वाले नाना

धुळ्यात ‘थांबा’ नावाचा एक ग्रुप आहे, मोबाईलवरचा. तो एसटीचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ग्रुप नवा होता तेव्हा लोक कुठून कुठून लिंक मिळवून आत यायचे आणि ‘शिरपूर गाडी लागली का?’ असं विचारून ग्रुप चालवणाऱ्या नानांचं डोकं फिरवायचे. ग्रुप होता बोलताना अडखळणाऱ्यांचा. नानांना ‘तोतरं’ हा शब्द चालत नसे. ‘वाणीदोष’ तर त्याहून चालत नसे. “दोष माझ्या वाणीत नाही, तुमच्या घड्याळात आहे,” ते म्हणत.

नाना हे वाक्य असं सरळ कधीच म्हणाले नाहीत. त्यात मोठमोठे मुक्काम असत. पण ते मुक्काम कागदावर दाखवता येत नाहीत. एकच अक्षर चारदा छापलं की अडखळणारा माणूस दिसत नाही, नाटकातला विनोदी नट दिसतो. म्हणून त्यांची वाक्यं मी सरळ लिहितोय. मधला वेळ वाचकांनी आपल्या पदरचा घालावा.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. ते गणिताला, मी मराठीला. त्यांचं खरं नाव मुरलीधर. ऐन पंचविशीत शाळेत रुजू झाले, तेव्हाच्या हेडमास्तरांनी नाव विचारलं. ‘म’ ओठांवर येऊन बसला तो उठेचना. शेवटी घरात लाडाने म्हणत ते ‘नाना’ सांगून ते मोकळे झाले. झालं! मिशी धड न फुटलेल्या माणसाला शिपायापासून सगळे नाना म्हणू लागले, आणि आमच्याकडे माणूस एकदा नाना झाला की त्याला म्हातारं होण्यावाचून गत्यंतर नसतं.

अडलेल्या शब्दाला वळसा घालण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘पाणी’ अडलं की ‘जल’ मागत. ‘मीठ’ अडलं की ‘लवण’. डबा खाताना “जरा लवण द्या” म्हणणारा गणिताचा मास्तर बघून स्टाफरूमचं एकमत झालं की नाना अतिशय सात्त्विक असून त्यांनी कुठल्यातरी महाराजांचा अनुग्रह घेतलेला आहे. दोन शिक्षिका त्यांना उपवासाच्या तिथी विचारत. नाना बिचारे कॅलेंडर बघून सांगत. ‘नाही’ म्हणून सगळा खुलासा करण्यापेक्षा एकादशी सांगणं सोपं होतं.

आणि वळसा घालूनही रस्ता सापडला नाही तर आम्ही होतोच की. आमच्याकडचा माणूस दिलदार. दुसऱ्याचं अर्धवट वाक्य त्याला बघवत नाही. नाना ‘च’ म्हणून अडले की कोणीतरी ओरडे, “अरे, नानांना चहा सांगा!” नानांना म्हणायचं असे, ‘चला, तास झाला.’ चहा येई. ते निमूट पीत. नानांना चहा मुळीच आवडत नाही, हे मला ते निवृत्त झाल्यावर कळलं.

त्या निवृत्तीच्या समारंभाचं सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे होतं. गावात कुठेही माईक लागला की तो माझ्यासाठीच लागलाय, असा माझा आणि लोकांचाही समज होता. नानांनी भाषण तयार केलं होतं. जन्मभर वळसे घालणाऱ्या माणसाने त्या दिवशी हट्टाने ठरवलं होतं की सुरुवात ‘मित्रहो’नेच करायची. उभे राहिले. ‘म’ने आपलं काम चोख बजावलं. सभागृह शांत. संस्थेचे अध्यक्ष घड्याळाकडे बघू लागले, कारण मागे जेवण गार होत होतं. तेवढ्यात हेडमास्तर लगबगीने उठले, नानांच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने माईक आपल्याकडे ओढला आणि दाटल्या गळ्याने म्हणाले, “नाना भावनावश झाले आहेत. त्यांना शब्द फुटत नाहीत. आपण सगळे समजू शकतो.”

काय टाळ्या पडल्या! तिथीवाल्या दोन्ही शिक्षिकांनी डोळे पुसले. नानांना शाल पांघरून खुर्चीत बसवण्यात आलं. इतकं परिणामकारक भाषण शाळेत त्याआधी कोणी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नाना माझ्या दारात.

“सर, मी भावनावश नव्हतो.”

“माहीत आहे, नाना.”

“मी रागावलो होतो. माझं भाषण अजून बाकी आहे. ऐकायला माणसं पाहिजेत. घाई नसलेली.”

“अशी माणसं धुळ्यात कुठे मिळणार?”

“अडखळणारी,” नाना म्हणाले. “त्यांना माहीत असतं, शब्द येतो. उशिरा येतो, पण येतो.”

मला मोबाईलमधलं थोडंफार कळत असे, म्हणून ग्रुप मी काढून दिला आणि आयताच उपअॅडमिन झालो. नानांनी माझी नेमणूक करतानाच अट घातली. “तुम्ही ग्रुपवर बोलायचं नाही. तुमचं आयुष्यभराचं बोलून झालंय.” पहिला संदेश त्यांचा होता: ते राहिलेलं भाषण. तेव्हा ग्रुपमध्ये आम्ही दोघंच होतो. भाषण चांगलं लांबलचक होतं. त्यात आभार कोणाचेच नव्हते. हेडमास्तरांचा उल्लेख मात्र होता, आणि त्या ठिकाणी नानांनी समानार्थी शब्द शोधण्याचे कष्ट घेतले नव्हते.

मग नियम आले. माणसाच्या हातात सत्ता आली की सगळ्यात आधी नियम येतात. लिहायचं नाही, फक्त आवाज पाठवायचा. अडलेला शब्द बदलायचा नाही. दुसऱ्याचं वाक्य पुरं करायचं नाही. औषध सांगायचं नाही. जिभेला वेखंड लावा, तोंडात खडे धरून वाचा, हे सगळं प्रत्येकाचं लहानपणी करून झालेलं असतं. ‘हळू बोला, शांतपणे बोला’ म्हणणारा तत्काळ बाहेर. आणि ‘वा, आज छान बोललात’ म्हणणाराही बाहेर. “छान बोलायला पोपट आहेत का ते?” चाळीसगावच्या एका औषध दुकानदाराने भीतभीत गुलाबाच्या फुलांसह शुभ सकाळ पाठवली, तर नानांनी त्याला आठवडाभर बाहेर काढलं. बरं, बाहेर काढतानाही संदेश आवाजी, पूर्ण आणि सविस्तर. बिचारा हकालपट्टी संपायची वाट बघत ऐकत बसला.

इतक्या जाचानंतर ग्रुप बुडायला हवा होता. उलट वाढला. शिरपूरचा पोलीस, अमळनेरचा कापडवाला, जळगावचे एक वकील, शेतकरी, नर्सबाई. माणसं दिवसभराचं साठलेलं संध्याकाळी इथे येऊन ओतत. पोलिसाने सांगितलं की तो दटावायला तोंड उघडतो, शब्द अडतो आणि समोरचा त्या शांततेनेच घाबरून गुन्हा कबूल करतो. खात्यात त्याचा दरारा होता. नाना खाटेवर मांडी घालून एकेक संदेश शेवटपर्यंत ऐकत. वेग वाढवून ऐकण्याची सोय असते. मी एकदा तिचा उल्लेख केला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून गेलोय.

वहिनींचं मात्र वेगळं म्हणणं होतं. “मनासंगे दोन शब्द बोलतस नही, नि तठे बठ्ठा जिल्हासंगे बोली राहिनात,” त्या मला भाकरी वाढता वाढता आपल्या अहिराणीत म्हणाल्या. माझ्याशी दोन शब्द नाहीत, आणि तिथे अख्ख्या जिल्ह्याशी गप्पा! नाना यावर काही बोलले नाहीत. म्हणजे वहिनींचा मुद्दा सिद्धच केला.

स्नेहल भडगावची. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. आवाज गोड आणि राग तिखट. तिची एका कॉलेजात मुलाखत होणार होती. त्याच्या सरावासाठी तिने ग्रुपवर पाठवलं: “माझं नाव स्नेहल. मी भडगावहून आले.” एवढ्याला बराच वेळ लागला. सगळ्यांनी ऐकलं. नियमाप्रमाणे कोणी वाहवा केली नाही. पोलिसाने तेवढं विचारलं, “पुढचं?”

काही दिवसांनी हाच आवाज एका जाहिरातीत ऐकू आला.

जळगावात पराग सर नावाचे एक गृहस्थ होते. ‘वाणीरत्न’ ही पदवी त्यांनी स्वतःला मोठ्या मनाने दिलेली होती. ते लोकांना आत्मविश्वास शिकवत, आणि त्यांच्याकडे तो इतका होता की शिकवूनही संपत नव्हता. त्यांच्या जाहिरातीत दोन आवाज होते. ‘आमच्याकडे येण्याआधी’ म्हणून स्नेहलचा, आणि ‘नंतर’ म्हणून कुठल्यातरी मुलीचा, बातम्या वाचल्यासारखा खणखणीत. जाहिरात जिल्हाभर फिरली. पुढे लोकांनी ‘नंतर’चा भाग कापून टाकला आणि नुसता ‘आधी’चाच हसण्यासाठी पाठवू लागले. नाव आवाजातच होतं, गावही आवाजातच होतं. भडगावला पोरं तिच्या मागून ‘माझं नाव’ म्हणत चालू लागली. स्नेहल ग्रुप सोडून गेली. मुलाखतीची तारीख तिने जाऊ दिली. घरीही बोलेनाशी झाली.

पराग सर ‘प्रकाश’ नावाने, अडखळण्याचं सोंग करून ग्रुपमध्ये शिरले होते, हे शोधायला फार वेळ लागला नाही. जाहिरातीतला नंबर आणि प्रकाशचा नंबर एकच होता. आत्मविश्वासाचं हे असं असतं.

नानांनी ठरवलं की ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून झालेलं सांगायचं. मी म्हटलं, “ग्रुपवरच सांगून टाका ना.” तर म्हणाले, “दार माझं होतं. चोर माझ्या दारातून आला. घरोघर जाऊनच सांगितलं पाहिजे.” ज्यांना हे साधं वाटतं त्यांनी कधी अडखळणाऱ्या माणसाला फोन उचलताना बघितलेलं नाही. समोरासमोर निदान चेहरा असतो, हात असतात. फोनवर नुसती शांतता असते आणि पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देतो. नाना जन्मभर फोनवर कोणाशी बोलत नव्हते. वाजला की वहिनींना हाक मारत. ते रोज आंघोळ करून, शर्ट घालून, परीक्षेला बसल्यासारखे फोनपुढे बसू लागले. काही जणांनी ऐकून घेतलं. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं आणि ग्रुप सोडला. औषध दुकानदार रडला. नानांनी कोणालाही राहा म्हटलं नाही.

भडगावला आम्ही दोघं गेलो. स्नेहलचे वडील कृषी खात्यातून निवृत्त झालेले. “जय भीम, या,” म्हणाले, पण चेहरा बंद. आईंनी पाणी आणलं.

“सर, पोरगी अडखळत का होईना, बोलत होती,” वडील म्हणाले. “तुमच्या ग्रुपने तेवढंही काढून घेतलं.”

नाना उभे राहिले. त्यांना म्हणायचं होतं, ‘माफ करा.’ ‘म’च तो. ‘क्षमा’ म्हटलं असतं तर कधीच सुटले असते. नाही म्हणाले. त्या ‘म’शी झगडत उभे राहिले. कपाळाची शीर तटतटली. वडील आधी खाली बघत होते, मग हळूहळू तेही उभे राहिले. शब्द आला तेव्हा दोघं समोरासमोर होते.

“माफ करा.”

आतल्या दारात स्नेहल कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. आठवड्याभरात पहिल्यांदा ती बोलली, ती रागाने.

“त्याला आत का घेतलं तुम्ही? तो खोटं अडखळत होता. मध्ये श्वास घेत होता. आपण अडखळतो तेव्हा श्वास घेता येतो का?”

“माझ्या लक्षात आलं होतं,” नाना म्हणाले.

“मग?”

“वाटलं, उद्या एखाद्या खऱ्यालाच हाकललं तर? अडखळणाऱ्यावर मीपण संशय घ्यायचा?”

“चुकलं तुमचं,” स्नेहल म्हणाली आणि आत निघून गेली. परतताना गाडीत नाना म्हणाले, “बोलली.”

पराग सरांची जळगावला मोफत कार्यशाळा होती, एका मंगल कार्यालयात. नानांनी जायचं ठरवलं. स्नेहलला निरोप पाठवला की तू अजिबात यायचं नाही, हे माझं काम आहे. आम्ही मागच्या बाजूला बसलो. आधी पडद्यावर तीच जाहिरात दाखवली. लोक ‘आधी’ला हसले आणि ‘नंतर’ला त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग जाकीट घातलेले पराग सर आले आणि शब्दांची नुसती लयलूट झाली. मीही बोलका माणूस. पण त्यांचं ऐकताना मला प्रथमच मौनाचं महत्त्व पटलं.

प्रश्नांची वेळ आली. नानांनी हात वर केला. माईक आला.

“तुमच्या...” नाना अडले.

“तुमच्या कोर्सची फी?” पराग सर हसून म्हणाले. “काका, शेवटी सांगतो.”

नानांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “तुमच्या...”

“तुमच्या मार्गदर्शनाने? धन्यवाद, काका!”

हॉल हसला. नानांनी पुन्हा सुरुवात केली. वाक्य पुरं केलं गेलं की ते पहिल्या शब्दावर येत, मास्तराने चुकलेलं गणित पुसून पुन्हा मांडावं तसं. असं बऱ्याचदा झालं. हसणं कमी होत गेलं. पराग सर म्हणाले, “काका, दीर्घ श्वास घ्या.” ग्रुपवर असते तर तत्काळ बाहेर गेले असते. नाना फक्त बघत राहिले, आणि मग हॉलमध्ये कोणी काही बोलेना तेव्हा त्यांचं वाक्य शेवटी मुक्कामाला पोचलं.

“तुमच्या जाहिरातीतली ‘आधी’ची मुलगी कोण?”

“ती? आमची विद्यार्थिनी. पण गोपनीयतेच्या कारणाने आम्ही नाव...”

मागून एक खुर्ची सरकली. स्नेहल उभी होती, शेजारी तिचे वडील. कधी आले होते देव जाणे. तिला माईकची गरज पडली नाही.

“माझं नाव स्नेहल. मी भडगावहून आले.”

तोच आवाज, तीच अडखळ. लोकांनी नुकताच तो पडद्यावर ऐकला होता. माना एकेक करून वळल्या. ती थांबली नाही, म्हणजे थांबत थांबत पुढे गेली. “मी यांच्याकडे कधी शिकले नाही. माझा आवाज यांनी चोरलाय. आणि मी ‘नंतर’पण अशीच बोलते.”

पराग सरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खरंखुरं अडखळता आलं, अगदी श्वास न घेता. पण त्यांचं वाक्य पुरं करायला त्या हॉलमध्ये कोणी पुढे झालं नाही.

बाहेर आल्यावर नानांनी स्नेहलला झापलं. “नको म्हटलं होतं ना?”

“तुम्ही अॅडमिन ग्रुपचे आहात,” ती म्हणाली. “माझे नाही.”

नाना हसले. इतक्या वर्षांत त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच ऐकलं. हसताना ते अजिबात अडखळत नव्हते.

जाहिरात त्याच संध्याकाळी गायब झाली. पराग सर आता दुसऱ्या जिल्ह्यात पालकांना मार्गदर्शन करतात असं ऐकतो; मुलांशी कसं वागावं, प्रामाणिकपणा कसा रुजवावा वगैरे. गेलेली मुलाखत स्नेहलला परत मिळाली नाही. नंतर दोन ठिकाणी तिला नाकारलं, तेही अतिशय सहानुभूतीने. मग चाळीसगावच्या एका कॉलेजात तिने आत जाताच सांगितलं, “मी अडखळते. तुम्हाला वेळ आहे ना?” त्यांना होता. ती तिथे शिकवते. ग्रुप सोडून गेलेल्यांपैकी थोडेच परत आले. नाना आता कोणालाही प्रत्यक्ष भेटल्याशिवाय आत घेत नाहीत, त्यामुळे ग्रुप वाढायचा थांबलाय आणि नानांचा प्रवास वाढलाय. वहिनी एकदा सोबत गेल्या, सोनगीरला. परत येऊन मला म्हणाल्या, “तो माणूस नि हाऊ माणूस, दोन्हीजन बोलेत. मी निस्ती चहा पीत बठनू.” तक्रार होती की कौतुक, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सगळ्यांनी चाळीसगावला भेटायचं ठरवलं, स्टेशनजवळच्या एका हॉटेलात. एकमेकांची ओळख करून देण्यातच दुपार झाली. वेटर ऑर्डर घ्यायला आला आणि कंटाळून पाणी देऊन गेला. कोणाला काही घाई नव्हती. स्नेहल नव्या सभासदांना दरडावत होती; हुकूमशाहीचा वारसा योग्य हातात जात होता. मी महिनाभरातच मुलाकडे नाशिकला कायमचा राहायला जाणार होतो, ते मी कोणाला सांगितलं नाही. माझ्यावर बोलायची बंदी होतीच.

संध्याकाळी नाना आणि मी धुळ्याच्या गाडीत बसलो. नाना दारात उभे होते. सुटायच्या बेताला फलाटावरून एक माणूस हातात जड पिशवी घेऊन पळत आला.

“भाऊ, भुसावळची हीच का?”

नाना बोलायला गेले आणि अडले. खिडकीतला एक शेंगा खाणारा इसम, काही माहीत नसताना, उदारपणे म्हणाला, “हो हो, हीच. चढा चढा!” त्या माणसाने पिशवी दारात टेकवली. पण चढला नाही. नानांचे ओठ हलत होते, त्यांच्याकडे बघत तो उभा राहिला. का, कोण जाणे. गाडीने धक्का दिला. तो पिशवीला धरून दोन पावलं सोबत चालला, डोळे नानांच्या तोंडावर.

“नाही,” नाना म्हणाले.

त्याने झटक्यात पिशवी ओढून घेतली आणि मागे झाला. गाडी वेग घेऊ लागली. झालं, काम झालं होतं. पण नानांचं वाक्य संपलं नव्हतं. दांडी धरून ते बाहेर झुकले होते, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, आणि मागे पडत चाललेल्या फलाटाला, त्या लहान लहान होत जाणाऱ्या माणसाला, ते एकेक शब्द गाठून सांगत होते, “ही... धुळ्याची. भुसावळची... पलीकडे... लागेल.”